सोवळे आणि पासंग

माझ्या वडिलांचे किराणा दुकान नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मिशन कंपाउंडच्या भिंतीला लागून होते. रोज सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या की ते देवाचे नाव घेत आणि दुसरे काही करण्याआधी टांगत्या तराजूची दोन्ही पारडी फडक्याने पुसून काढीत. मग वजने बाजूला ठेवून रिकामा तराजू मोकळा सोडीत आणि काटा मध्यावर येऊन थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत उभे राहत. तो जरा जरी एका अंगाला राहिला, तरी हलक्या पारड्याच्या दोरीला बांधलेली शिशाची पट्टी कमीजास्त करीत. रिकाम्या तराजूत राहणाऱ्या या फरकाला पासंग म्हणतात, आणि तो काढण्यासाठी बांधलेल्या तुकड्यालाही पासंगच म्हणतात. काल संध्याकाळी बरोबर असलेला तराजू आज सकाळी का बिघडावा, असे मी लहानपणी त्यांना विचारले होते. गुळाचा चिकटा बसतो, पिठाची धूळ बसते, दोरी दमट होते, एवढेच त्यांचे उत्तर होते. साखर कागदात तोलायची असेल, तर तेवढाच कागद ते वजनाच्या पारड्यातही टाकीत.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र त्यांची गणना पवित्र माणसांत कधी झाली नाही. त्यांना तपकिरीचे व्यसन होते, लांबलचक प्रार्थना त्यांना साधत नसे आणि उपदेश अर्ध्यावर आला की त्यांचे डोळे मिटत. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळावर त्यांचे नाव दोनदा सुचवले गेले आणि दोन्ही वेळा तपकीर आडवी आली. त्यांना त्याचे फारसे वाईट वाटल्याचे मला आठवत नाही. मला मात्र पुष्कळ वर्षे वाटत असे की वडील भले आहेत, प्रामाणिक आहेत, पण पवित्रता म्हणजे काही वेगळे, अधिक उंचावरचे असावे.

हा समज कधी ढासळला हे मला नेमके सांगता येते. ईस्टरपूर्वीच्या एका उपवासकाळात मंडळीच्या बुधवारच्या अभ्यासवर्गासाठी बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय माझ्याकडे आला. ‘तुम्ही पवित्र असा, कारण मी तुमचा देव परमेश्वर पवित्र आहे’ हे वचन आपल्याला पाठ असते, कारण येशूचा शिष्य पेत्र याने ते आपल्या पहिल्या पत्रात उद्धृत केले आहे आणि पाळकसाहेब ते वरचेवर सांगतात. त्याच्यापुढे काय येते ते मात्र आपण क्वचित वाचतो. आईबापांचा मान राखा. शेत कापताना बांधाकडचे कोपरे राहू द्या आणि पडलेला सरवा गरिबासाठी व परक्यासाठी ठेवा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. न्याय करताना गरिबाची कीव नको आणि थोराची भीड नको. चहाड्या करीत फिरू नका. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहा. परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. आणि शेवटाकडे, पस्तिसाव्या व छत्तिसाव्या वचनांत, खरा तराजू आणि खरी वजने. या अध्यायात अर्पणाचे आणि रक्ताचे नियमही आहेत आणि आपल्याला चमत्कारिक वाटतील असेही काही आहेत, मिश्र सुताच्या वस्त्राचा नियम त्यांतलाच. पण ज्या अध्यायाच्या दारावर ‘पवित्र असा’ असे लिहिले आहे, त्याच्या आत शिरल्यावर बाजार, शेत, मजूर आणि शेजारी भेटतात, याचे मला त्या संध्याकाळी फार नवल वाटले होते. वडील तेव्हा हयात नव्हते. शिशाची ती पट्टी मात्र डोळ्यांसमोर आली.

आपण मराठी माणसे ‘पवित्र’ हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या आड ‘सोवळे’ हा दुसरा शब्द उभा असतो, हे मान्य करायला हवे. सोवळे म्हणजे जे विटाळापासून जपले गेले आहे ते. सोवळे स्पर्शाला भिते, कारण ओवळ्याचा स्पर्श झाला की सोवळे नाहीसे होते, आणि सोवळ्याच्या स्पर्शाने ओवळे कधी सोवळे होत नाही. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, महारवाड्यात जन्मली होती. सोवळ्याची दुसरी बाजू तिने अंगावर भोगली होती. विहिरीवर पाणी वरून ओंजळीत ओतले जाई. दुकानदार पैसे खाली ठेवायला सांगे, त्यांवर पाणी शिंपडून मग उचली. बाप्तिस्मा झाल्यावरही ‘पवित्र’ या शब्दाची तिला धास्ती वाटे, असे वडील सांगत. ‘पवित्र म्हणजे जे आपल्याला लांब ठेवतं ते,’ असे ती म्हणे. उपासनेत ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ असे गायले जाई तेव्हा ती मान खाली घालून बसे, आणि लोक त्याला तिची भक्ती समजत.

शास्त्रालाही, म्हणजे बायबललाही, ही अडचण ठाऊक आहे. हाग्गय संदेष्टा याजकांना दोन प्रश्न विचारतो. वस्त्राच्या पदरात पवित्र मांस बांधलेले असताना तो पदर भाकरीला किंवा तेलाला लागला, तर ती वस्तू पवित्र होईल का? याजक म्हणतात, नाही. प्रेताला शिवून अशुद्ध झालेला मनुष्य त्याच वस्तूला शिवला, तर ती अशुद्ध होईल का? याजक म्हणतात, होय. सोवळ्याचे सगळे गणित या दोन उत्तरांत आले, आणि आमच्या गावच्या विहिरीवरचे गणित याहून निराळे नव्हते. मार्काच्या शुभवर्तमानात मात्र पहिल्याच अध्यायात येशू कुष्ठरोग्याकडे हात पुढे करतो आणि त्याला शिवतो. शब्दाने बरे करण्याचे सामर्थ्य त्याच्याजवळ होते, कफर्णहूम गावच्या शताधिपतीचा, म्हणजे एका सैन्याधिकाऱ्याचा, चाकर त्याने दुरूनच बरा केला. तरी इथे तो शिवला, आणि विटाळ त्याच्याकडे आला नाही. शुद्धता मात्र त्या माणसाकडे गेली. बारा वर्षे रक्तस्राव होणारी बाई गर्दीत मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते, तेव्हाही तेच घडते. आजीला या बाईची गोष्ट सर्वांत प्रिय होती, कारण तिच्या मते त्या गोष्टीतली बाई ‘विचारल्याशिवाय शिवली’. माझ्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ती पवित्रतेचा पाया इथे आहे. जी पवित्रता स्वतःला जपण्यासाठी लांब सरकते, तिचा आपल्या प्रभूशी फारसा संबंध नाही.

पेत्राला हे कळायला उशीर लागला. याफो गावात त्याला आकाशातून उतरणाऱ्या, निषिद्ध प्राण्यांनी भरलेल्या चादरीचा दृष्टांत झाला आणि ‘देवाने जे शुद्ध केले ते तू निषिद्ध मानू नको’ अशी वाणी त्याने ऐकली, तेव्हा तो कोणाच्या घरी उतरला होता हे प्रेषितांच्या कृत्यांत आवर्जून लिहिलेले आहे. तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी पाहुणा होता. आमच्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी हाच प्रवास स्वतःच्या घरात केला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला आणि लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये, आणि मधल्या वर्षांत त्यांचे सोवळे चालूच होते. त्यांच्या आत्मचरित्रात वडिलांच्या सोवळ्याचे वेड आणि स्वतःचे सोवळे हे दोन्ही इतक्या मोकळ्या विनोदाने आले आहे की हसता हसता वाचक ओशाळतो. लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की त्यांचे सोवळे आधी सुटले आणि बाप्तिस्मा मागाहून झाला. आमच्यापैकी अनेक घराण्यांत बाप्तिस्मा शंभर वर्षांपूर्वी झाला आणि सोवळे अजून सुटायचे आहे. लग्नाची बोलणी सुरू झाली की ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न मंडळीतली भली माणसे हळू आवाजात विचारतात. तो विचारणाऱ्यांत मी स्वतःही एकदा होतो.

शिवाय आम्ही आमचे एक नवे सोवळे तयार केले, त्याविषयीही बोलले पाहिजे. सिनेमा नको, पत्ते नकोत, तंबाखू नको, तपकीर नको. यांतली एकही गोष्ट टाळणे चूक आहे असे माझे म्हणणे नाही. वडिलांनी तपकीर सोडली असती तर त्यांचे रुमाल धुणाऱ्या माझ्या आईने देवाचे आभारच मानले असते. पण ज्या वडीलमंडळाने तपकिरीची चौकशी केली, त्याने कोणाच्या तराजूची, कोणाच्या गड्याच्या पगाराची चौकशी केल्याचे मला स्मरत नाही. बाहेरून दिसणारी यादी पाळणे सोपे असते, कारण ती एकदा पाळली की संपते. पासंग रोज सकाळी पाहावा लागतो.

गणपतीच्या मोदकांचा प्रश्न या यादीतला सर्वांत नाजूक. बहुतेक प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात तो कधी ना कधी उभा राहतो. शेजारच्या काकू झाकलेली ताटली घेऊन दाराशी येतात, तेव्हा काय करावे? प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना या विषयाला बरीच जागा दिली आहे आणि एका ओळीचे उत्तर देण्याचे टाळले आहे. कोणी जेवायला बोलावले तर वाढलेले काही न विचारता खा, असे तो सांगतो. आणि हे अर्पण केलेले आहे असे कोणी बजावून सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी खाऊ नका, असेही सांगतो. आमच्या घरात आई प्रसाद खात नसे आणि वडील खात. आई कधी त्यांना भ्रष्ट म्हणाली नाही आणि वडील तिला कधी कर्मठ म्हणाले नाहीत. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये, असे पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात सांगतो; आमच्या घरातले चित्र त्याच्याशी किती जुळते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ताटली मात्र दोघेही हातातले काम सोडून, दोन्ही हातांनी घेत. आणि ती रिकामी परत करायची नाही, हा नियम तर ख्रिस्ती होण्याच्याही आधीचा असावा. नाताळात करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या घालून ती परत जाई. माझा स्वतःचा कल वडिलांकडे आहे, पण आईसारखे वागणाऱ्यांना मी दुर्बल म्हणणार नाही.

उपवासकाळातला तो अभ्यासवर्ग जवळ आला होता आणि मी तयारीत गुंतलो होतो. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी काम आटोपून दाराशी थांबल्या आणि पगाराचे विचारू लागल्या. हातात पुस्तक होते, बँकेत जायला झाले नव्हते. ‘परवा बघू, मावशी,’ असे मी म्हणालो आणि त्या ‘बरं, काका’ म्हणून निघून गेल्या. त्या क्षणी मला काही टोचले, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. मला काही टोचले नाही. मी तेरावे वचन खुणेच्या पट्टीने अधोरेखित करीत होतो. पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, ‘मजुरी रात्रभर ठेवायची नाही, असंच काहीतरी मोठ्याने वाचत होता ना मघाशी? आज आठ तारीख आहे.’ मी लेखापरीक्षणाच्या नोकरीत तीस वर्षे काढली. दुसऱ्यांच्या वहीतली थकबाकी लाल शाईने दाखवण्याची मला चांगली सवय आहे. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात त्या मजुरीविषयी असे म्हटले आहे की सूर्य मावळण्याआधी ती द्यावी, कारण मजुराचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. मी चपला घालून बाहेर पडलो, पण मावशींचे घर मला माहीतच नव्हते. अकरा वर्षे त्या आमच्याकडे येत होत्या. शेवटी इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारून त्यांच्या वस्तीपर्यंत पोहोचलो. पैसे दिल्यावर त्यांनी चहा केला, तो मी घेतला, आणि अभ्यासवर्गाला पाऊण तास उशिरा पोहोचलो.

चहाडीचे पाप आमच्यात प्रार्थनेच्या वेषात वावरते. उपासना सुटली की आवारात चार माणसे जमतात आणि एक जण आवाज खाली आणून म्हणतो, ‘अमक्याच्या मुलासाठी प्रार्थना करा बरं का,’ आणि मग त्या मुलाने काय केले ते सविस्तर सांगतो. आता मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर हे काम अधिक वेगाने होते. अलीकडे मी एक साधा नियम केला आहे, की ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारायचे. माझ्या प्रार्थना-विनंत्या त्यामुळे निम्म्याने घटल्या.

सरव्याबद्दल आजीकडून ऐकलेले इथे सांगितले पाहिजे, कारण तो नियम ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यांच्यातली ती होती. भुईमूग काढून झाला की बायका पोरांना घेऊन शेतात जात आणि मातीत राहिलेल्या शेंगा खुरप्याने उकरून गोळा करीत. काही शेतकरी शेवटची पाटी भरली की लगेच शेळ्या सोडीत, म्हणजे कोणाच्या हाती काही लागू नये. काही जण बांधालगतचा पट्टा जाणूनबुजून ढिला काढीत आणि चार दिवस तिकडे फिरकत नसत. असे तीन शेतकरी आजीला माहीत होते. त्यांतला एकही ख्रिस्ती नव्हता. मरेपर्यंत रात्रीच्या प्रार्थनेत ती त्या तिघांची नावे घेई. ‘पवित्र’ या शब्दाची भीती तिला वाटत असे हे मी वर लिहिले. पण त्या शब्दाचा खरा अर्थ तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होता, असे आता वाटते.

बायबलातल्या इब्री लोकांस पत्रात म्हटले आहे की सर्वांबरोबर शांतीने राहण्यासाठी आणि पवित्रतेसाठी झटा, कारण पवित्रतेवाचून कोणालाही प्रभूला पाहता येणार नाही. इथल्या ‘झटा’ला मूळ ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, त्याचा अर्थ पाठलाग करणे असा होतो आणि छळ करणे असाही होतो. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल ते दोन्ही अर्थांनी वापरतो. आधी ‘मी मंडळीचा छळ करणारा’ असे सांगताना, आणि थोड्याच ओळींनंतर ‘मी पुढच्या खुणेकडे धावतो’ असे सांगताना. ज्या जिद्दीने तो माणसांच्या मागे लागला होता, तीच जिद्द आता दुसरीकडे वळली. दुसरे असे की इब्रीच्या लेखकाने शांती आणि पवित्रता एकाच क्रियापदाला बांधल्या आहेत. सोवळ्याला शेजाऱ्याची गरज नसते, उलट शेजारी नसेल तर ते जास्त सुरक्षित राहते. शांतीला मात्र शेजारी लागतोच.

पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनविषयी बोलताना आपण 1905 च्या धार्मिक जागृतीच्या कथा सांगतो. अश्रूंच्या आणि रात्र रात्र चाललेल्या प्रार्थनांच्या त्या कथा खऱ्याच आहेत, पण मला तिथला छापखाना अधिक बोलका वाटतो. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य बायकांना समजेल अशा मराठीत सबंध बायबलचे भाषांतर करीत राहिल्या. त्याच्या छपाईचे काम मुक्तीतल्याच मुलींनी आणि बायकांनी केले. दुष्काळातून, वैधव्यातून, घरातून हाकलले जाण्यातून आलेल्या त्या बायका अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवत होत्या. ‘पवित्र’ हा शब्द जुळवायला चार खिळे लागले असतील की पाच, असा निरर्थक विचार माझ्या मनात अनेकदा येतो. त्या काळच्या सोवळ्याने ज्या बोटांना ओवळे ठरवले असते, त्याच बोटांनी तो शब्द छापला.

जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अगदी शेवटी एक चित्र आहे. महायाजकाच्या कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीवर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ अशी अक्षरे कोरलेली असत. जखऱ्या म्हणतो की त्या दिवशी तीच अक्षरे घोड्यांच्या घंटांवर दिसतील आणि यरुशलेमेतले व यहूदातले प्रत्येक भांडे परमेश्वरासाठी पवित्र होईल, म्हणजे मंदिरातले भांडे आणि घरातले भांडे यांत फरक उरणार नाही. भांड्यांवर नावे घालून घेण्याची आपल्याकडे जी चाल आहे, तिच्यामुळे हे चित्र मला फार जवळचे वाटते.

आमच्या स्वयंपाकघरात तीन महिन्यांपासून एक स्टीलची ताटली आहे. तिच्या मागे शेजारच्या काकूंच्या सासूबाईंचे नाव आणि एक जुने साल कोरलेले आहे. गणपतीत ती आमच्याकडे आली आणि पुढच्याच आठवड्यात गाडी लावण्याच्या जागेवरून त्यांच्या मुलाचे आणि माझे भांडण झाले. सोसायटीच्या सभेत मी त्याला जे बोललो ते नियमाला धरून होते, पण कागद सगळ्यांपुढे फडकवून बोललो, आणि तो आमच्या मुलाहून लहान आहे. तेव्हापासून जिन्यात भेट झाली की आम्ही दोघेही मोबाइलकडे पाहतो. काकू अजूनही हसतात, पण थांबत नाहीत. यंदाच्या आगमनकाळातला, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतला, दुसरा रविवार झाला आणि पत्नीने ताटली घासून ओट्यावर, मला दिसेल अशी ठेवली. ती काही बोलली नाही. मैदा आणला आहे, खोबरे किसून झाले आहे, उद्या सारण करायचे आहे. ताटली घेऊन पत्नीने जावे असे मी सुचवून पाहिले. त्यावर तिने, करंज्या ती करील, वर मी जायचे, असे ठरवले आहे.